आमची वाटचाल: वाडे पाडता पाडता माळवद राखायला लागलो

लातुरात आमची फर्म २००८ ला सुरू झाली, आणि खरं सांगायचं तर तेव्हा काम एकच, जुना वाडा पाडायचा, सागवान विकायचं, दगड दुसऱ्याच्या घराच्या पायात घालायचा आणि त्या जागी स्लॅब टाकायचा. पैसा बरा होता. जेसीबी दोन दिवसात तीन पिढ्यांचं घर सपाट करायचा आणि मालक वरून पेढे द्यायचा.

आता बाहेरचे लोक विचारतात की मराठवाड्यात एवढी थंडगार घरं होती ती लोकांनी पाडली कामून? हौस म्हणून नाही पाडली हो, भीतीनं पाडली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप, दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली आणि त्यातली बहुतेक आपल्याच भिंतीखाली, आपल्याच माळवदाखाली, म्हणजे लाकडी तुळयांवर माती घातलेल्या सपाट छताखाली. मी सहावीत होतो. आमचे अण्णा त्या दिवसापासून माळवदाखाली झोपले नाहीत, बाज अंगणात, पावसाळ्यात पत्र्याखाली. अशा माणसाला तुम्ही मातीच्या घराचे फायदे सांगून बघा.

२०१६ चा एप्रिल आला, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तो. प्यायला पाणी नाही तिथं स्लॅबला कुठून मारणार, सगळ्या साईट बंद, पोरं घरी बसलेली. तेवढ्यात औशाकडच्या एका गावातून एका काकूंचा फोन आला, माळवद गळतंय, पावसाच्या आत बघून जा. भर दुपारी गेलो, ढाळजेतून, म्हणजे दारालगतच्या बैठकीतून, आत पाय टाकला आणि अंगावरचा घाम वाळला राव. आमच्या ऑफिसात पंखा चालू केला की तो स्लॅबचीच गरम हवा खाली फेकायचा. म्हटलं काकू पाडून टाका, मस्त आरसीसी करून देतो. त्या म्हणल्या, "लेकरा, गळतं तेवढं बंद कर, माझं घर इकायला नाही बोलावलं तुला."

गळती बंद केली, पण शहाणपणा नडला. पांढऱ्या मातीच्या भिंतीला मी सिमेंटचा गिलावा मारून दिला, फुकट, वर पाच वर्षांची गॅरंटी! एक पावसाळा गेला आणि गिलाव्याला फुगे, दिवाळीला त्याच्या अख्ख्या खपल्या खाली. पायातून चढलेली ओल बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती मी, ती आतल्या आत मातीला खात बसली. स्वतःच्या खिशातून सगळं खरवडलं. मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं बसून चुना शिकलो, कळी चुना भिजत घालणं, दगडी चाकाच्या घाणीत वाळूबरोबर मळणं, गूळ आणि हिरड्याचं पाणी, आणि सगळ्यात अवघड म्हणजे गिलावा हळूहळू वाळू देणं, आमच्या ऊन्हात ओलं पोतं लावून बसावं लागतं.

पण थंडावा नंतर, आधी भीतीचं काम. माळवदावर दरवर्षी गळतं म्हणून माती टाकत गेलेत लोक, दोन-दोन फूट थर झालेला असतो. बारा बाय बाराच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे जवळजवळ तीन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), बारा टनांच्या पुढचं ओझं डोक्यावर घेऊन माणूस झोपतो. ते आम्ही सात-आठ इंचांवर आणतो, खाली वॉटरप्रूफ कागद घालतो. भिंत बाहेरून दिसते एक पण असतात दोन, बाहेरचा दगड आणि आतला दगड, मधे नुसती माती आणि गोटे, हादरा बसला की दोन्ही वेगळ्या होऊन फुगतात. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर आरपार भोक, त्यात सळई आणि काँक्रीट, आणि दाराच्या वर सगळ्या घराला दोन्ही बाजूनं जाळीचा पट्टा. हो, इथं सिमेंट लागतं, आमचं सिमेंटशी वैर नाही. तुळईला वाळवी लागलेली असेल किंवा भिंतीचं पोट फारच सुटलेलं असेल तर सरळ सांगतो पाडा, आणि निघालेला दगड तिथंच परत वापरा.

एवढं झालं की बाकी सोपं आहे. दीड-दोन फुटी भिंतीतून दुपारचं ऊन आत यायला रात्र होते, तोपर्यंत बाहेर गार झालेलं असतं, वरचं सानं, म्हणजे छतातलं हवा-उजेडाचं भोक, उघडलं की गरम हवा निघून जाते. लोक हे सानंच बुजवून एसी मागतात!! आम्ही त्याला जाळी आणि सरकतं झाकण करून देतो, वर पांढऱ्या चुन्याचा हात. साधा पंखा ७०-७५ वॅट खातो, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास, तो बसवतो. सोलर माळवदावर कधीच नाही, स्टँडचा पाय रोवला की तिथं गळणार, गोठ्यावर लोखंडी सांगाडा करून बसवतो. सबसिडी ३ किलोवॅटला ७८ हजार मिळते, नेट मीटरला (उरलेली वीज परत लाईनीत गेलेली मोजणारा मीटर) मात्र हेलपाटे आहेत, ते गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. पन्हाळीचं पाणी गाळणखड्ड्यातून आडात, हजार स्क्वेअर फुटावर एक मिलिमीटर पडला तरी नव्वद लिटर होतं, आणि २०१६ बघितलेल्या माणसाला हे पटवायला दोन मिनिटं लागत नाहीत.

सध्या आम्ही नऊ जण आहोत, त्यात चुन्याचं काम नीट येणारे तिघंच, त्यामुळं एका वेळी दोनच साईट घेतो. गेल्या उन्हाळ्यात आमचं स्वतःचं गावाकडचं घर कामाला घेतलं, पट्टे झाले, माती उतरवली, बारा ट्रॉल्या निघाली. अण्णा रोज येऊन सळया मोजायचे. काम संपल्यावर त्यांनी बाज ओसरीत आणलीय, आत अजून नाही. म्हणाले, एक पावसाळा बघू.