पटकथा एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये नेताना

पीडीएफवरून पटकथा नव्या ॲपमध्ये घेणं हा अगदी शेवटचा मार्ग, मूळ फाइल हरवलीच असेल तरचा. कुठली ओळ संवाद आणि कुठली ॲक्शन (म्हणजे दृश्यात काय घडतं त्याचं वर्णन) हे पीडीएफला सहसा ठाऊक नसतं. अक्षर कागदावर कुठे बसवायचं, एवढंच तिच्यात असतं. मग नवं ॲप समासावरून अंदाज बांधतं: डाव्या कडेपासून दीड इंचावर ॲक्शन, अडीच इंचावर संवाद, साडेतीन इंचांच्या पुढे पात्राचं नाव. इंग्रजीत हे बऱ्यापैकी जमतं. देवनागरीत मात्र अक्षरंच नीट हाती लागत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढलेली असते, म्हणून ‘दिवस’चं ‘िदवस’ होतं आणि जोडाक्षरं फुटतात. पानांचे आकडेसुद्धा संवादात घुसतात.

खात्रीचे रस्ते दोन. पहिला एफडीएक्स, म्हणजे ‘फायनल ड्राफ्ट’ या पटकथा-ॲपचा फॉरमॅट. ही एक्सएमएल फाइल असते आणि प्रत्येक परिच्छेदावर त्याचा प्रकार लिहिलेला असतो: सीन हेडिंग (जागा आणि वेळ सांगणारी ओळ), ॲक्शन, पात्र, कंस, संवाद, ट्रान्झिशन (एका सीनमधून दुसऱ्यात जाण्याची सूचना). बहुतेक पटकथा-ॲप हा फॉरमॅट वाचतात. दुसरा फाउंटन, 2012 मध्ये आलेला. ही साधी टेक्स्ट फाइल, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. सीन क्रमांक, नोट्स आणि रिव्हिजनचे (फेरबदलांचे) रंग टिकवायचे असतील तर एफडीएक्स घ्या. पटकथा अजून घडत असेल तर फाउंटन पुरतं.

पण फाउंटन बेतलंय इंग्रजीच्या कॅपिटल अक्षरांवर. मोकळ्या ओळीनंतर पूर्ण कॅपिटलमध्ये ओळ आली आणि तिच्या लगेच खाली मजकूर असला, की ते पात्राचं नाव. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे ॲपची तपासणी दोनपैकी एका बाजूला घसरते. ओळीत इंग्रजी कॅपिटल शोधणारं ॲप ‘मंगल’ या पात्राच्या नावाला ओळखतच नाही, सगळे संवाद ॲक्शन होतात. ‘ओळ कॅपिटल केली तरी तशीच राहते का’ असं तपासणाऱ्या ॲपला उलट प्रत्येक मराठी ओळ कॅपिटल वाटते. मग ॲक्शनचा दोन ओळींचा परिच्छेद आला, की पहिली ओळ पात्र बनते आणि दुसरी तिचा संवाद. उपाय एकच, खुणा हाताने द्यायच्या:

.आत. माजघर – रात्र

!मंगल दिवा विझवते.
बाहेर पावलं वाजतात.

@मंगल
(हळू आवाजात)
कोण आहे?

सीन हेडिंगच्या आधी टिंब, पात्राआधी @, ट्रान्झिशनच्या आधी >, आणि ॲक्शन चुकीची ओळखली जात असेल तर !. दोघं एकदम बोलत असतील तर दुसऱ्या नावाच्या शेवटी ^. नाव आणि संवाद यांच्यात मोकळी ओळ चालत नाही. संवादाच्या मधेच मोकळी ओळ हवी असेल तर तिच्यावर दोन स्पेस द्या, नाहीतर पुढचं वाक्य ॲक्शनमध्ये पडतं.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेली पटकथा हा वेगळाच आजार. तिथे फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. पटकथा-ॲप पात्रांची नावं आणि सीन हेडिंग आपोआप कॅपिटल करतात. अशा फॉन्टमध्ये छोटं आणि कॅपिटल अक्षर म्हणजे दोन निरनिराळी मराठी अक्षरं, त्यामुळे संवाद शाबूत आणि नावं मात्र भलतीच असं चित्र दिसतं. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, रफार आणि अर्धी अक्षरं डोळ्यांखालून घाला, मगच फाइल हलवा.

फाइल उघडली की पहिल्या दोन पानांवर विश्वास ठेवू नका. दोन्ही ॲपमधली सीनची संख्या जुळवा, मग पात्रांची यादी. ‘कुऱ्हाडे’ हे नाव यादीत दोनदा दिसलं तर गोंधळू नका. ऱ्ह मधला तो आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो: कधी ऱ ला हलन्त जोडून, कधी साध्या र् नंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना एकच नाव दिसतं, ॲपला दोन माणसं दिसतात. एक रूप ठरवून बाकीची फाइंड-रिप्लेसने बदला. नावाच्या शेवटी राहिलेली स्पेससुद्धा कधीकधी हाच घोळ घालते.

पानांची संख्या बदलणारच, त्याने घाबरू नका. एका इंचात सहा ओळी बसतात. ए-फोर कागद ‘लेटर’ या अमेरिकी आकाराच्या कागदापेक्षा सुमारे 0.69 इंच उंच असतो, म्हणजे पानामागे जवळपास चार ओळी जास्त. पानाला 55 ओळी धरल्या तर लेटरवरची 120 पानं ए-फोरवर साधारण 112 होतात. त्यात पटकथेच्या नेहमीच्या कुरिअर फॉन्टमध्ये देवनागरी नसल्याने प्रत्येक ॲप आपापला पर्यायी फॉन्ट लावतं आणि ओळीची उंचीही बदलते. दोन्हीकडे कागद आणि फॉन्ट एकच ठेवा, मगच तुलना करा. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब मुळात बारा पॉइंटच्या कुरिअरचा आहे. मराठी मजकुराला तो जसाच्या तसा लावू नये.

पानं लॉक झालेली, म्हणजे शूटिंगसाठी आकडे पक्के केलेली पटकथा मात्र हलवूच नका. 12 आणि 13 यांच्यामध्ये घातलेला 12ए, रंगीत पानं, रिव्हिजनच्या खुणा यांतलं काय पोचेल हे दोन्ही ॲपवर अवलंबून असतं, आणि पूर्ण युनिट त्याच आकड्यांवर काम करत असतं. शूटिंग संपू द्या. जुन्या ॲपची वर्गणी थांबवण्याआधी मूळ फाइल, एफडीएक्स, फाउंटन आणि पीडीएफ अशा चारही प्रती काढून ठेवा. पीडीएफ इथे उपयोगी पडते, दोन खिडक्या शेजारी ठेवून पान न् पान ताडून पाहायला.