‘मॅडम, संवाद कुठे आहेत?’ : लघुपटाची संहिता मंजूर करून घेताना आलेला अनुभव

लघुपटांना अनुदान देणाऱ्या एका योजनेसाठी मी संहिता पाठवली होती. कथा जमली, कलाकार मिळाले, चित्रीकरण आणि संकलनही झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते संहितेच्या छाननीत. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

लघुपट बारा मिनिटांचा, सगळा एका पिठाच्या गिरणीत घडणारा. एक बाई दर आठवड्याला मोठा स्टीलचा डबा भरून दळण आणते. गिरणीवाले काका तो उचलताना कण्हतात, हे आपण सुरुवातीलाच बघतो. मध्ये काही आठवडे ती येत नाही. मग येते, डबा तोच. काका सवयीनं जोर लावतात आणि डबा झटकन वर येतो. ते तिच्याकडे बघतात, ती वजनकाट्याकडे बघत राहते. घरातलं एक माणूस गेलंय, हे तिथे कळतं. कुणी काही बोलत नाही.

हे सगळं पाच पानांत मावलं. अर्जातली अट होती, ‘प्रति मिनिट एक पान’. संहिता ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत आली. फोनवर धड उत्तर मिळेना, म्हणून मी ऑफिसात गेले. बराच वेळ बसवून ठेवल्यावर खिडकीतल्या साहेबांनी पानं चाळली.

‘मॅडम, यात संवाद कुठे आहेत?’

‘जवळजवळ नाहीतच, सर. ते चित्रातून कळतं.’

‘अहो, मग संहिता कशाला म्हणायचं? चार वाक्यं टाका की. नवऱ्याबद्दल बोलू दे तिला काहीतरी.’

ती एक वाक्य जरी बोलली असती, तरी डब्याचं वजन वाया गेलं असतं. मी हे समजावून सांगितलं, पुन्हा सांगितलं. उत्तर एकच, नियमात बसत नाही. ज्या मुंबईत ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा अख्खा मूकपट लोकांनी तिकीट काढून पाहिला, त्याच राज्यात संवाद नाहीत म्हणून संहिता अपूर्ण ठरते, याचा मला संताप आला होता आणि आजही येतो.

मुळात पानाला मिनिट हा ठोकताळा इंग्रजी पटकथेचा आहे. कुरिअर फॉन्ट, १२ पॉइंट, ठरावीक समास, आणि संवाद-वर्णन मिळून पूर्ण लांबीच्या चित्रपटाची काढलेली सरासरी. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रा सांभाळायला ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते, तिथेच हा हिशेब बिघडतो. बिनसंवादी लघुपटाला तर तो लागूच पडत नाही. पण खिडकीवर हा वाद जिंकता येत नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर त्रुटी लेखी मागा. मला लेखी मिळाली तेव्हा त्यात फक्त ‘पृष्ठसंख्या कमी’ एवढंच होतं, संवादांचा उल्लेखही नव्हता!

मग मी संवाद न घालता परिच्छेद फोडले. आधी सलग लिहिलेला मजकूर असा झाला :

काकांचे दोन्ही हात डब्याच्या कडांना.
जोर लावून उचलतात.
डबा झटकन वर.
काका तिच्याकडे बघतात.
तिची नजर वजनकाट्यावर.

एका ओळीत एकच चित्र. वाचायला लागणारा वेळ पडद्यावरच्या वेळेच्या जवळ आला. ‘क्लोज-अप’ हा शब्द कुठेही न लिहिता हात जवळून दिसणार हे वाचणाऱ्याला कळू लागलं. पानं अकरा झाली आणि संहिता मंजूर झाली. एकही वाक्य वाढवलं नाही, याचा मला अभिमान आहे.

‘तिला पोकळी जाणवते’ असलं काही लिहू नका. कॅमेऱ्याला ते दिसत नाही. तिनं काय केलं ते लिहा, आणि त्याच्या आधी-नंतर काय दिसतं ते नीट ठरवा. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या वाडग्याला, एकदा शवपेटीला जोडून दाखवला, तर बघणाऱ्यांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. माझा हलका डबासुद्धा आधीच्या जड डब्यामुळेच चालतो. सुरुवातीचा तो प्रसंग कापला तर नंतरच्या डब्यातून काहीच कळणार नाही.

आवाजही संहितेतच लिहा. गिरणीची मोटर कुठे बंद होते, हे मी स्वतंत्र ओळीत लिहिलं होतं, त्यामुळे ध्वनिमुद्रण करणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

आणि हो, संहिता युनिकोडमध्येच टाइप करा आणि पीडीएफ करून पाठवा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात, आणि तीही त्रुटी म्हणून तुमच्याच नावावर लागते.