खाडी आडवी येते

मोबाइलच्या नकाशावर मुरूड-श्रीवर्धनकडून गुहागरला निघालेली निळी रेघ दाभोळला आली की एकदम ठिपक्यांची होते. ठिपके पाण्यावरून जातात आणि धोपाव्याला पुन्हा मुकाट्याने रेघ सुरू होते. त्या ठिपक्यांत काय काय असतं ते नकाशाच्या गावीही नसतं. गाड्या पलीकडे नेणारी बोट आत्ता कुठल्या काठाला आहे, पाणी किती उतरलंय, आणि रांगेत आपल्या पुढे उभ्या असलेल्या गाडीवाल्याला रिव्हर्स येतो का!

किनाऱ्याकिनाऱ्याने कोकण करायचं म्हटलं की लोक हॉटेलं आधी बघतात. आधी बघायच्या त्या खाड्या. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग कागदावर सलग दिसतो, जमिनीवर त्याचे तुकडे आहेत. रेवदंड्याला कुंडलिकेवर साळावचा पूल आहे, तिथे काही अडत नाही. पुढे आगरदांडा-दिघी बोट. सावित्रीवर वेश्वी-बागमांडला बोट. वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे, शास्त्रीवर तवसाळ-जयगड. रत्नागिरी ओलांडली की मात्र भाट्ये, पूर्णगड, जैतापूर असे पूलच पूल. म्हणजे वरचं अर्धं कोकण बोटीच्या वेळेने चालतं आणि खालचं रस्त्याच्या. दोन्हींना एकच हिशेब लावला की दुसऱ्याच दिवशी रात्रीचा मुक्काम हुकतो.

रस्त्याचा हिशेबही जपूनच करावा. नकाशा काहीही म्हणो, ताशी तीस किलोमीटर धरा. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, रस्ता मोकळा मिळतो, पण प्रत्येक खाडीसाठी तो सडा सोडून वळणं घेत खाली उतरतो आणि पलीकडे तेवढाच चढतो. वाडीत शिरलं की दोन्हीकडे दगडी गडगे, मधून जेमतेम एक गाडी, आणि समोरून हमखास एसटी. चढणाऱ्याला वाट द्यावी हा नियम खरा, पण एसटीसमोर मागे आपणच जायचं. तिचा चालक त्या वळणावरून रोज जातो, आपण वर्षातून एकदा. आरसे मिटायचे आणि ज्याच्या मागे रुंद जागा जवळ त्याने हटायचं. पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी अशा मोठ्या गावांत भरून घ्यावं. 'पुढे मिळेल' हे वाक्य सड्यावर फारसं कामाचं नाही.

आता भरती-ओहोटी. तिचं गणित कोकणात बोटांवर करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नवाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. दक्षिणेकडे जाल तशी वेळ थोडी अलीकडे येते, पण प्रवासाला एवढं पुरतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढतं तसंच खूप उतरतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, फरक कमी. कॅलेंडर घरोघरी असतं, पण त्यातली तिथी आपण उपासासाठी बघतो, गाडीसाठी कोणी बघत नाही.

गाडीचा आणि तिथीचा संबंध जेटीच्या उतारावर कळतो. भरतीला बोटीचं लोखंडी तोंड उताराच्या वरच्या कोरड्या भागावर टेकतं, गाडी सहज आत. पुऱ्या ओहोटीला तेच तोंड पार खाली टेकतं आणि एरवी पाण्याखाली असलेला शेवाळलेला भाग उघडा पडतो. उतरताना ब्रेक दाबून धरला तर चाकं फिरायची थांबतात आणि गाडी घसरतच राहते. पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक सोडत-धरत उतरायचं. पलीकडे चढताना खरी गंमत. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना ओढ पुढच्या चाकांची, आणि चढावर भार जातो मागे. त्यात डिकीत बॅगा आणि मागच्या सीटवर तीन माणसं! पुढची चाकं जागच्या जागी फिरतात, रबराचा वास येतो, आणि मागच्या रांगेतून सल्ले सुरू होतात. माणसं आधीच उतरवावीत, पाय हलका ठेवावा, मध्ये थांबू नये. जिथे बोटीच्या तोंडाची लोखंडी पाटी आणि उतार यांचा कोन होतो तिथे बुटक्या गाडीचं पोट घासतं. तिथे किंचित तिरकं घेतलं तर चारही चाकं एकेक करून वर येतात आणि पोट वाचतं. खलाशी हाताने खुणा करतो त्याच्याकडेच बघायचं, शेजारी बसलेल्या काकांकडे नाही.

बोटीवर हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये, आणि इंजिन बंद. चोरांसाठी बसवलेला अलार्म सुरू ठेवलात तर बोटीच्या हादऱ्याने तो खाडीभर बोंब मारतो. पलीकडचा काठ आला म्हणून घाईने इंजिन सुरू करू नये, पाटी जमिनीला टेकेपर्यंत कोणालाच कुठे जायचं नसतं.

खारं वारं काचेवर पातळ थर धरतं. दुपारनंतर ऊन समोरून आलं आणि कोरडाच वायपर फिरवला की काच ताकासारखी होते. आधी गोडं पाणी, मग वायपर. सकाळी पहिला ब्रेक करकरला तर घाबरायचं कारण नाही, रात्रीत डिस्कवर गंज धरतो, दोन-चार ब्रेकांत जातो. गाडीच्या पोटाखालचं मीठ मात्र आपोआप जात नाही, घरी आल्यावर खालून धुवावंच लागतं. आणि गाडी पुळणीवर नेऊ नये. ओल्या वाळूवर ती धावते खरी, पण वळायला थांबली की चाकं रुततात, भरती थांबत नाही, आणि मग ट्रॅक्टरवाला मागेल ते द्यावं लागतं. तो जास्त मागत असेल तर माझी त्याला पूर्ण सहानुभूती आहे.

जेवण दुपारच्या आत सांगून ठेवावं. घरगुती खानावळीत आयत्या वेळी मिळतो तो फक्त चहा.

या बोटींचं कौतुक करणारे आपण सगळे पाहुणे. वाशिष्ठी ओलांडताना वारा खायचा, गाडीच्या टपावर हात टेकून फोटो काढायचा, आणि इथे पूल झाला तर मजा जाईल म्हणून हळहळायचं. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब कित्येक वर्षं उभे आहेत, तेही आपल्याला फोटोत छान दिसतात. पण तवसाळला रात्री शेवटची बोट गेल्यावर एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या आणि रत्नागिरीला न्यायचं ठरलं, तर समोर जयगडचे दिवे दिसत असतात आणि गाडी मात्र उलट्या दिशेला, भातगावच्या पुलाकडे काढावी लागते.