बुलेटचं प्रायमरी कव्हर: आवळून गळती थांबत नाही

गाडी जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट 350, किकवाली, गिअर उजव्या पायाला. डाव्या बाजूचं लांबट अॅल्युमिनियमचं कव्हर म्हणजे प्रायमरी कव्हर. आत पुढे अल्टरनेटर, मागे क्लच आणि दोघांमध्ये इंजिनाचा जोर क्लचला नेणारी प्रायमरी चेन, सगळं तेलात. एवढं मोठं कव्हर मधल्या एकाच नटावर धरलेलं असतं आणि कडेने खोबणीत रबरी रिंग असते. गळायला लागलं की प्रत्येक जण पाना घेऊन तो नट आवळतो. मीही आवळला, आणि थेंब वाढले. नट कव्हरला फक्त मध्ये दाबतो. जास्त आवळला की मधला भाग आत जातो, पुढची-मागची टोकं रिंगेवरून सैल होतात. वर्षानुवर्षं असं आवळलेलं कव्हर कायमचं वाकतं.

उघडायच्या आधी गळतंय कुठून ते नक्की केलं. कव्हर डिझेलने धुऊन कोरडं पुसलं, कडेवर टाल्कम पावडर मारली आणि गाडी मेन स्टँडवर दहा मिनिटं चालू ठेवली. पावडर ओली होते तिथून गळती. माझ्या गाडीत क्लचच्या मागची खालची कड ओली झाली. कड कोरडी राहून तेल आतल्या कव्हरच्या पाठीमागून येत असेल, तर बाहेरचं कव्हर बदलून उपयोग नाही. तिथे अल्टरनेटरच्या वायरींचा रबरी बूच असतो, क्रँकचं सील असतं. हे सील गेलं की इंजिनाचं तेल आणि दाब दोन्ही प्रायमरीत शिरतात, पातळी आपोआप वाढते आणि मग कुठलीही रिंग टिकत नाही. लेव्हल स्क्रू (कव्हरमधल्या तेलाची पातळी बघायचा) काढल्यावर न भरता भरपूर तेल आलं तर आधी संशय या सीलवर घ्यायचा.

डावा फूटरेस्ट आणि मागच्या ब्रेकचा पायडल आड येतात, ते काढले. खाली पसरट ट्रे ठेवला, कारण कव्हर सुटताच सगळं तेल एकदम येतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम असेल तर ट्रेखाली पुठ्ठाही घाला. फरशीवरचा डाग कमिटीच्या मीटिंगपर्यंत पोचतो. नट काढून कव्हर लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं. फटीत स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही. अॅल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की नवी गळती तयार.

कव्हर जाड काचेवर पालथं ठेवलं. मागचं टोक दाबलं की पुढचं उचलायचं. फट मोजायच्या फिलर गेजचं 0.5 मिमीचं पातं मागच्या टोकाखाली सहज गेलं. काचेवर 220 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून बारीक उंचसखलपणा घासता येतो, पण एवढा बाक नाही. घासून सपाट करायला गेलात तर खोबणीची कडच संपते. म्हणून नवं कव्हर.

पुण्यात स्पेअर पार्टसाठी नाना पेठेत जाताना जुनं कव्हर सोबत न्या. 'बुलेटचं' एवढं सांगून भागत नाही, सेल्फवाल्या गाडीचं कव्हर वेगळं असतं. दुकानात काचेचं काउंटर असेल तर कव्हर तिथेच पालथं ठेवून चारही बाजूंनी बोटाने दाबून बघा. टकटक वाजलं तर दुसरं मागा. मी दुसरं मागितलं. सोबत नवी रिंग, मधल्या नटाची चकती आणि लेव्हल स्क्रूची चकती घेतली. चकती तांब्याची असेल तर जुनीही चालते: गॅसवर लाल करून पाण्यात टाकली की परत मऊ होते. फायबरची मात्र नवीच हवी.

कव्हर उघडंच आहे तर चेन बघून घ्यावी. प्लग काढून किकने इंजिन फिरवत चेनची सगळ्यात ताणलेली जागा शोधली. तिथे वर-खाली मिळून साधारण 6 मिमी ढील हवी. कमीजास्त असेल तर खालच्या टेन्शनरचा लॉकनट सोडून जुळवायची. अल्टरनेटरचा फिरणारा रोटर आणि स्थिर स्टेटर यांच्यामध्ये 0.2 मिमीचं पातं सगळीकडून फिरलं पाहिजे. रोटरवर चकचकीत रेघ दिसली तर तो घासतोय.

आता रिंग. पहिल्यांदा मी डिझेलने पुसलेल्या खोबणीत भरपूर सिलिकॉन भरून रिंग दाबली होती. दोन दिवसांत गळायला लागलं. डिझेलचा तेलकट थर मागे राहतो, त्यावर सिलिकॉन धरत नाही. शिवाय आत ओघळलेला जादा सिलिकॉन सुटून क्लच प्लेटांत जातो. दुसऱ्यांदा जुना सिलिकॉन नखाने आणि प्लास्टिकच्या पट्टीने काढला, खोबण आणि समोरची कड ब्रेक क्लीनर मारून कोरडी केली. रिंगेला तो लागू द्यायचा नाही. जुनी रिंग तेलाने फुगून खोबणीपेक्षा लांब झालेली असते. ती कापून जोडायचा मोह टाळा. नवी रिंग कोरडीच बसवली, फक्त खोबणीच्या तळाला सिलिकॉनचा काडीएवढा पातळ थर.

कव्हर दोन्ही हातांनी सरळ लावलं. रिंगेचा पीळ पडला नाही ना, हे बोट फिरवून बघितलं. नट हाताने, मग आखूड पान्याने, कड रिंगेवर सगळीकडे सारखी टेकेपर्यंत. त्यानंतर पाव फेरा, बस्स. 24 तास गाडीला हात लावला नाही. हा सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो, त्यामुळे पुण्यात जुलैत तो मे महिन्यापेक्षा लवकर धरतो. पावसाळ्याचा एवढा तरी फायदा.

तेल 20डब्ल्यू-50, डब्यावर जासो एमए लिहिलेलं, म्हणजे तेलात चालणाऱ्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीचं. कारचं तेल घातलं तर क्लच घसरू शकतो. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी, लेव्हल स्क्रू काढलेला, तिथून तेल डोकावलं की थांबायचं. 400 मिलीच्या थोडं वर बसलं. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि तेल याच कव्हरच्या खालच्या कडेला येऊन थांबतं, म्हणून तशी पातळी बघून भरलं तर माप चुकतं.

खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो, रात्री गाडी मुद्दाम साइड स्टँडवर लावली आणि खाली पुठ्ठा ठेवला. सकाळी मागच्या चाकाच्या रेषेत दोन थेंब होते. ते मागच्या चेनला मारलेल्या तेलाचे. ती चेनही याच बाजूला असते. कव्हरखालचा पुठ्ठा कोरडा.