ल्युगरचं मॅगझिन मूळचं की नंतर जुळवलेलं?

पी.०८ ल्युगर हे जुनं जर्मन लष्करी पिस्तूल विकणारा सगळ्यात आधी मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या सुट्या डबीच्या, तळावर ठोकलेला पिस्तुलाचा क्रमांक दाखवतो. मी तो सगळ्यात शेवटी बघतो. तळ आणि नळी हे दोन वेगळे भाग असतात, आडव्या पिनेने जोडलेले. पिन काढली की दुसरा तळ बसवता येतो आणि क्रमांक ठोकायला अंकांच्या पंचांचा एक संच पुरतो.

सुरुवात पिस्तुलापासूनच. मॅगझिन काढून टॉगल, म्हणजे वरचा सांध्याचा खटका, मागे ओढायचं आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं आहे याची खात्री करायची. मग चेंबरवरचं साल, टॉगलवरची निर्मात्याची खूण आणि फ्रेमवरचा पूर्ण क्रमांक, अक्षरासकट, कागदावर उतरवून घ्यायचा. मॅगझिन कोणत्या काळातलं असायला हवं ते इथेच ठरतं. साल १९१७ आणि खूण डीडब्ल्यूएम या बर्लिनच्या कारखान्याची असेल तर तळ लाकडी हवा, दोन्ही बाजूंच्या फुगवट्यांवर एकात एक वर्तुळं कोरलेली. पहिल्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमचे तळ आले. १९३०मध्ये उत्पादन बर्लिनहून ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात गेलं, त्यामुळे १९३६च्या एस/४२ (माउझरचा संकेत) पिस्तुलात लाकडी तळ दिसला तर ते मॅगझिन दुसरीकडून आलंय असंच मी धरून चालतो.

मग नळी. जुनी नळी पत्रा दुमडून, कडा एकमेकींत दाबून केलेली असते; तिरप्या उजेडात सांधा दिसतो. तीसच्या दशकातल्या नळ्यांवर बहुधा निकेलचा मुलामा असतो. दुसऱ्या महायुद्धात सूलच्या हेनेल कारखान्याने सलग, सांध्याविना नळी काढली. तिच्यावर पी.०८, आधी १२२ आणि पुढे एफएक्सओ हा संकेत, शिवाय गरुडाखाली ३७ हा तपासणीचा शिक्का असतो. बीवायएफ ४२ (माउझरचाच संकेत, साल १९४२) पिस्तुलासोबत अशी नळी अगदी शोभते. १९१८च्या पिस्तुलात ती असेल तर मॅगझिन अस्सल असूनही त्या पिस्तुलाचं नाही. नळीवर २/१००१ दिसलं तर ते युद्धानंतरचं, पूर्व जर्मनीतलं.

कॅलिबरचा मात्र इथे उपयोग नाही. ९ मिमी पॅराबेलम काडतूस ७.६५ मिमीच्या जुन्या काडतुसाचं तोंड रुंदावून केलेलं आहे, त्यामुळे दोघांना मॅगझिन एकच चालतं. तळावर जर्मनी आणि ७.६५ असं कोरलं असेल तर तो निर्यातीचा व्यापारी माल. त्याला लष्करी म्हणून जादा पैसे मोजू नयेत.

आता क्रमांक. लष्करी पिस्तुलांचे क्रमांक दहा हजारांपर्यंत गेले की पुन्हा एकपासून सुरू होत आणि मागे ए, बी, सी अशी अक्षरं लागत. नव्या साली परत पहिल्यापासून. म्हणजे ४३१२ हा आकडा अनेक पिस्तुलांवर सापडेल. तळावर अक्षर नसेल, किंवा वेगळं असेल, तर नुसते चार आकडे जुळून काही सिद्ध होत नाही. प्रत्येक लष्करी पिस्तुलाला दोन मॅगझिनं मिळत, एक पिस्तुलात आणि एक होल्स्टरच्या खिशात. दुसऱ्यावर क्रमांकासोबत अधिकचं चिन्ह असे. पोलिसांकडच्या मॅगझिनांवर त्याऐवजी १ किंवा २. माउझरच्या ॲल्युमिनियम तळावर क्रमांकाजवळ गरुड आणि ६३ दिसणं हे चांगलं लक्षण.

दहापट भिंगाखाली मी अंकांच्या खाचांचा तळ बघतो. जुन्या ठशात मळ आणि ऑक्साइड खोलवर बसलेलं असतं, कडा झिजलेल्या असतात आणि वापराचे ओरखडे अंकांवरून आरपार जातात. नव्या ठशात धातू चकचकीत असतो किंवा ओरखडे अंकापाशी येऊन तुटतात. लाकडावर नवा ठसा तंतू चिरतो. मग पिन: तिच्याभोवती ताजे ओरखडे किंवा उघडं लाकूड दिसलं तर तळ बदललाय असा माझा अंदाज असतो. झिजलेल्या नळीला कोरा करकरीत तळ असणं हेही तितकंच संशयाचं. कुणी निकेल घासून चकचकीत केलं असेल तर हे सगळे पुरावेच गेले. म्हणून मॅगझिन साफ करताना मऊ कापड आणि थोडं तेल, स्टील वूल कधीच नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या वाल्थर पी.३८ या जर्मन पिस्तुलाच्या मॅगझिनला हाच क्रम लावतो. डाव्या बाजूला पी.३८ असतं. गरुडाखाली ३५९ म्हणजे वाल्थरची तपासणी, आणि जेव्हीडी या दुसऱ्या निर्मात्याच्या संकेतासोबत ७०६.

अमेरिकेच्या एम१९११ या लष्करी पिस्तुलामध्ये क्रमांक जुळवण्याचा प्रश्नच येत नाही, मॅगझिनांवर पिस्तुलाचा क्रमांक टाकला जात नसे. सुरुवातीच्या मॅगझिनांच्या तळाला दोरीची कडी असते. पहिल्या महायुद्धाच्या काळातली दुरंगी असतात, कारण वरचा भाग उष्णतेने कठीण केलेला आणि खालचा ब्लूइंगचा, म्हणजे गंज टाळायला निळसर-काळा केलेला. दुसऱ्या महायुद्धातली पूर्ण ब्लूइंगची; तळाच्या पुढच्या टोकाशी निर्मात्याचं अक्षर असतं: आर म्हणजे रिझडन, एस म्हणजे स्कोव्हिल, एल म्हणजे एम. एस. लिटल, जी म्हणजे जनरल शेव्हर. कोल्ट या पिस्तूल कारखान्यासाठी केलेल्यांवर त्या अक्षराआधी सी. तळावर ५५०८६९४ हा लांबलचक सुटा-भाग क्रमांक असेल तर ते युद्धानंतरचं. चालवायला उत्तम, पण १९४३च्या पिस्तुलासोबत मूळचं म्हणून किंमत लावली असेल तर ती मी देत नाही.