कॅनोपी लहान करण्याची घाई नको

स्कायडायव्हिंगसाठी कॅनोपी (पॅराशूटचं उघडणारं कापडी छत) निवडण्याआधी विंग लोडिंग, म्हणजे तिच्या दर चौरस फुटावर येणारं वजन, काढा. कपडे, हेल्मेट आणि पूर्ण रिग (पाठीवरचा पॅराशूटचा संच) चढवून वजन करा, ते पाउंडांत घ्या आणि कॅनोपीच्या चौरस फुटांनी भागा. ८२ किलो म्हणजे साधारण १८१ पाउंड. १९० चौरस फुटांवर ०.९५. नवख्याने १.० च्या आतच राहावं, हे माझं ठाम मत.

लहान कॅनोपी वळताना झपाट्याने उंची गमावते. जमिनीजवळ अडथळा दिसला की घाबरून एकच टॉगल (कॅनोपी वळवायची आणि तिचा वेग कमी करायची हातातली मूठ) खाली खेचला जातो, कॅनोपी डुबकी मारते आणि सावरायला उंची उरत नाही. व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली माणसं दगावतात ती अशी! म्हणून ब्रेकमधलं सपाट वळण उंचावरच घोटून घ्या: दोन्ही टॉगल अर्ध्यावर आणा, मग वळायच्या दिशेच्या विरुद्ध बाजूचा टॉगल थोडा वर सोडा.