जेजेंना भेटून आलो

आमच्या साताऱ्याकडे पेशंट मुंबईला न्यायचा म्हटलं की एकच शब्द निघतो, जेजे. आजोबांना तिथं नेलं तेव्हा मी सहावीत होतो, आणि हे एका माणसाचं नाव आहे हे कळायला मला पुढं कितीतरी वर्षं लागली. म्हणून गेल्या महिन्यात खास एक दिवस काढला.

भायखळ्याला उतरून चालतच गेलो. सकाळी साडेआठलाच केसपेपरला ही मोठी रांग, एक मावशी एक्सरेची पिशवी छातीशी धरून, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा, मला विचारतात दादा हाडाचे डॉक्टर कुठं बसतात, मलाही माहीत नव्हतं, मग दोघं विचारत विचारत गेलो.

जमशेटजी जीजीभॉय, जन्म १७८३. सोळाव्या वर्षापर्यंत आईवडील दोघंही गेलेले, मामाच्या हाताखाली जुन्या बाटल्यांचा धंदा, म्हणून लोक बाटलीवाला म्हणायचे. चीनच्या सफरी केल्या, १८०५ मध्ये फ्रेंचांनी जहाज पकडलं, त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता, आणि पुढं या दोघांचा कापसाचा आणि अफूचा व्यापार जमला. हो, अफूचा. चीनमध्ये त्या अफूनं माणसं संपली आणि त्याच पैशातून इथं दवाखाना उभा राहिला, हे लिहिताना जड जातं, पण लिहायलाच पाहिजे. १८४३ ला पायाभरणी, १८४५ ला दवाखाना सुरू.

पत्नी आवाबाईही तशाच. माहीमच्या खाडीत बोटी उलटून माणसं जायची, कंपनी सरकार पैसे देईना, तर या बाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, अट एकच, लोकांकडून टोल घ्यायचा नाही. तो माहीम कॉजवे. दादर-माहीमचा लेडी जमशेटजी रोड म्हणजे ह्याच.

दुपारी फोर्टातल्या एशियाटिक लायब्ररीत गेलो. तिथं जमशेटजींचा संगमरवरी पुतळा आहे, आणि नाना शंकरशेठांचाही. १८५२ ला बॉम्बे असोसिएशन निघाली, आपल्या लोकांची गाऱ्हाणी थेट विलायतेच्या पार्लमेंटपुढं मांडायला, त्यात हे दोघं पुढं होते. मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो.

बाहेर पायऱ्यांवर बसलो तर आईचा फोन, कुठायस? म्हटलं जेजेंना भेटून आलो. ती घाबरलीच, अरे कुणाला काय झालं?